हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे, अमेरिकन नागरिक आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं अडखळतं, हातापायांत जोर नाही, पण समज पूर्ण आहे; कागद स्वतः वाचून सही करतो. त्याला एसएसआय (दरमहा मिळणारी सरकारी मदत) आणि मेडिकेड (गरजूंसाठीची सरकारी आरोग्य योजना) मिळतं, आणि मेडिकेडमुळेच रोज सकाळी मदतनीस येते. बाबा दोन महिन्यांपूर्वी, नोकरीत असतानाच, ६३व्या वर्षी गेले. त्यांच्या इथल्या एका बँक खात्यावर आम्हा दोघा भावंडांची नावं त्यांनी लावून ठेवली होती. त्यात ४६,००० डॉलर आहेत. आम्ही अजून फॉर्म भरलेला नाही. शिवाय पुण्यात कोथरूडला त्यांनी स्वतः घेतलेला फ्लॅट आहे, साधारण ९० लाखांचा. तिथे आत्या राहते. मृत्युपत्र केलेलं नाही. काका म्हणतात, तिघांनी आत्याच्या नावे हक्कसोड करून मोकळे व्हा, भावाच्या पैशांनाही धक्का लागणार नाही. आई म्हणते, त्याचा वाटा तू तुझ्या नावावर ठेव आणि सांभाळ. काय करावं?

उत्तर : काकांचा सल्ला मानू नका. आईचाही मानू नका, तो मायेपोटी दिलेला असला तरी. सोशल सिक्युरिटी कार्यालयाच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच : भावाने स्वतःची मालमत्ता फुकट देऊन टाकली. आणि जवळ पैसे असण्यापेक्षा ते फुकट देऊन टाकणं त्याला जास्त महाग पडेल.

एसएसआय ही गरज बघून दिलेली मदत आहे. २०२६ मध्ये एकट्या व्यक्तीला केंद्राकडून महिन्याला जास्तीत जास्त ९९४ डॉलर मिळतात, आणि तिच्या नावावरची मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर गेलेली चालत नाही. हा २,००० चा आकडा १९८९ पासून तसाच आहे. महागाई कुठल्या कुठे गेली, तो जागचा हलला नाही. वारशाचे पैसे ज्या महिन्यात मिळतात त्या महिन्यात ते उत्पन्न धरले जातात. त्यातलं जे उरेल ते पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून मालमत्ता ठरतं. यात १ तारखेचा पहिला क्षण महत्त्वाचा. त्या क्षणी २,००१ डॉलर असले तर तो महिना गेला. २ तारखेला खर्च करून तो परत येत नाही. म्हणजे पैसे मिळाले त्या महिन्याचा एसएसआय जाणारच, त्यासाठी जीव काढू नका. जपायचे आहेत ते पुढचे महिने, आणि त्याहून जास्त मेडिकेड. ९९४ डॉलर एखाद-दोन महिने घरातून भागवता येतील; रोजची मदतनीस घरखर्चातून परवडत नाही.

आता बँकेतले पैसे. भावाचा वाटा २३,००० डॉलर. फॉर्म भरला नाही म्हणजे पैसे मोजले जात नाहीत, असा तुमचा समज दिसतो. तो चुकीचा आहे. खात्यावर त्याचं नाव आहे, मृत्यूचा दाखला हातात आहे, मागितले की मिळतील, तर ते पैसे त्याचेच. कार्यालय दाखल्याच्या तारखेपासून ते मोजू शकतं. बदल घडला त्या महिन्यानंतरच्या १० तारखेच्या आत कळवायचं असतं, ती तारीख बहुधा उलटली आहे. उशिरा कळवल्याबद्दल २५ ते १०० डॉलरपर्यंत दंड लागू शकतो आणि जादा दिलेले हप्ते परत मागितले जातील. एसएसआयमध्ये ही वसुली साधारणपणे दरमहा दहा टक्क्यांनी होते, आणि माफीचा अर्जही करता येतो. म्हणून घाबरून गप्प बसू नका. १-८००-७७२-१२१३ वर कळवा किंवा स्थानिक कार्यालयात जा, आणि कळवल्याची पोच मागून घ्या. फोनवर बोललात तर तारीख, वेळ आणि पलीकडच्या माणसाचं नाव टिपून ठेवा. वर्षाने नोटीस आली की ‘आम्ही सांगितलं होतं’ याला पुरावा लागतो.

फॉर्म भरण्याआधी भावाच्या नावे एबल खातं, म्हणजे अपंग व्यक्तीसाठीचं खास बचत खातं, उघडून ठेवा. ते ऑनलाइन उघडतं, तो स्वतः उघडू शकतो. अपंगत्व ठरावीक वयाआधी सुरू झालेलं असावं लागतं. पूर्वी ती मर्यादा २६ होती, १ जानेवारी २०२६ पासून ४६ झाली. तुमच्या भावाच्या बाबतीत हा प्रश्नच नाही. या खात्यातली १ लाख डॉलरपर्यंतची शिल्लक एसएसआय मोजत नाही. पण वर्षभरात त्यात किती भरायचे यावर मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती १९,००० डॉलर होती, महागाईनुसार बदलते. हिशेबाला १९,००० च धरू. ही मर्यादा खात्याची आहे, भरणाऱ्याची नाही. मावशीने वाढदिवसाला ५०० डॉलर त्यात टाकले असतील तर तेही याच १९,००० मधून वजा होतात.

समजा भावाच्या साध्या खात्यात आज १,२०० डॉलर आहेत. २३,००० आले की झाले २४,२००. त्यातले १९,००० एबलमध्ये गेले, उरले ५,२००. १ तारखेच्या आत ते २,००० च्या खाली हवेत. नेमके २,००० वर आणून थांबू नका, १,५०० पर्यंत आणा. व्याजाचे चार डॉलर जमा झाले आणि महिना गेला, असं होतं. म्हणजे साधारण ३,७०० डॉलर खर्च करायचे, आणि तेही त्याच्यासाठीच : मेडिकेडमध्ये न बसणारं दातांचं काम, व्हीलचेअरची दुरुस्ती, संगणक, डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं उपकरण, त्याच्या खोलीतला पलंग. अंत्यविधीसाठी वेगळे ठेवलेले १,५०० डॉलरपर्यंत मोजले जात नाहीत. ऐकायला बरं वाटत नाही, पण नियमात बसतं. चेक दिला आणि तो १ तारखेआधी वटलाच नाही, हेही होतं. महिनाअखेरीला कार्डाने किंवा बँक ट्रान्सफरने पैसे द्या, पावत्या जपा. आणि सोनं घेऊ नका. अंगावर रोज वापरायचा दागिना ही वेगळी गोष्ट. गुंतवणूक म्हणून घेतलेली नाणी आणि बिस्किटं मालमत्तेत धरली जातात.

एबलमधून घरभाड्यासाठी पैसे काढले तर ते त्याच महिन्यात द्या. भाड्यासाठी काढलेली रक्कम पुढच्या महिन्यात साध्या खात्यात पडून राहिली तर ती मोजली जाते.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि पैशांत मोजलं तर कदाचित तीच सगळ्यात मोठी निघेल. बाबा इथे नोकरी करत होते, म्हणजे सोशल सिक्युरिटीत त्यांचे हप्ते जमा होते. ज्याचं अपंगत्व २२ वर्षांच्या आत सुरू झालं आणि जो अविवाहित आहे, अशा मुलाला वडिलांच्या मृत्यूनंतर वडिलांच्या खात्यावर दरमहा लाभ मिळू शकतो. वडिलांच्या मूळ रकमेच्या (पूर्ण निवृत्तीवयाला त्यांना दरमहा मिळाली असती तिच्या) ७५ टक्क्यांपर्यंत. ती रक्कम २,४०० असेल तर मुलाला १,८०० च्या आसपास. आईनेही त्याच खात्यावर लाभ घेतला तर कुटुंबाची एकत्र कमाल मर्यादा लागते आणि प्रत्येकाचा आकडा थोडा खाली येऊ शकतो. हा लाभ गरज बघून दिला जात नाही. वारसा किती मिळाला याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि २४ महिन्यांनंतर त्यावर मेडिकेअर (गरज न बघता मिळणारा सरकारी आरोग्य विमा) पण मिळतं. एसएसआय घेणाऱ्याला असा दुसरा हक्क असेल तर त्यासाठी अर्ज करणं त्याच्यावर बंधनकारकच आहे, तेव्हा याच भेटीत अर्ज द्या. मागची थकबाकी एकदम आली तर ती नऊ महिने मालमत्तेत धरली जात नाही, फक्त वेगळ्या खात्यात ठेवा.

हा लाभ १,८०० चा झाला की एसएसआय बंद होईल. मग मेडिकेड? तेही जाईल असं वाटून पुष्कळ घरं हादरतात. केवळ या लाभामुळे एसएसआय गेलं असेल तर मेडिकेड टिकवण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात आहे. अट अशी की एसएसआयचे बाकीचे नियम पाळलेले हवेत, आणि त्यात ते २,००० आलेच. म्हणजे एसएसआय गेलं तरी पुढे वाचायचं थांबवू नका. एसएसआय बंद झाल्याची नोंद संगणकात पडली की कधी कधी मेडिकेडही आपोआप बंद होतं, कारण या तरतुदीत बसणारी माणसं वेगळी काढायचं राहून जातं. काउंटीच्या समाजसेवा कार्यालयात स्वतः जाऊन सांगा : वडिलांच्या खात्यावरच्या प्रौढ अपंग मुलाच्या लाभामुळे एसएसआय गेलं आहे. लाभाचं पत्र सोबत न्या.

आता कोथरूड. मृत्युपत्र नाही, फ्लॅट बाबांनी स्वतः घेतलेला. आजी हयात नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आई, तुम्ही आणि भाऊ, प्रत्येकाचा एक तृतीयांश वाटा. आत्या त्या यादीत नाही. त्यामुळे तिच्या नावे हक्कसोड हा शब्दच बरोबर नाही. हक्कसोड सहमालकाच्या नावे होते. जिचा वाटा नाही तिला दिलेली मालमत्ता म्हणजे बक्षीस, कागदाला नाव काहीही द्या. भावाचा वाटा ३० लाखांचा, म्हणजे ३० हजार डॉलरच्या पुढे. एसएसआयमध्ये बाजारभावापेक्षा कमी किमतीत मालमत्ता दिली तर जितकी किंमत सोडली तिला महिन्याच्या लाभाने भागतात आणि तितके महिने लाभ बंद. कमाल ३६ महिने. ३० हजाराच्या पुढच्या रकमेला ९९४ ने भागून पाहा : तीस महिन्यांच्यावर. काकांच्या मते पैशांना धक्का लागणार नव्हता. मेडिकेडच्या दीर्घकालीन देखभाल सेवांसाठी तर मागच्या ६० महिन्यांतले व्यवहार तपासले जातात. वारसाच नाकारला तरी सुटका नाही, एसएसआय त्यालाही देऊन टाकणंच समजतं.

‘पुण्याचा फ्लॅट यांना कसा कळणार’ हे वाक्यही कोणीतरी तुमच्या कानात सांगेल. एसएसआयच्या कागदावर खोटं लिहून भाऊ शपथेवर सही करणार असतो, काका नाही. परदेशातली मालमत्ता ही मालमत्ताच.

सहमालक त्या घरात राहत असेल आणि घर विकल्याने बेघर होणार असेल, तर तो वाटा न मोजण्याची सवलत एसएसआयमध्ये आहे. पण आत्या राहते आहे, सहमालक नाही. ही सवलत तुम्हाला लागू होत नाही. आत्याला घराबाहेर न काढता मार्ग निघतो तो असा : भावाचा वाटा तुम्ही किंवा आईने बाजारभावाने विकत घ्यायचा. सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल घ्या, त्यातल्या किमतीला नोंदणीकृत दस्त करा, पैसे बँकेतून द्या. मुद्रांक शुल्क वाचवायला किंमत कमी दाखवू नका. दस्तावर २० लाख लिहिले की उरलेले १० लाख भावाने तुम्हाला फुकट दिले असा अर्थ निघतो. मग तुमचा आणि आईचा मिळून पूर्ण फ्लॅट झाला की आत्या तिथे सुखाने राहू दे, किंवा तुम्ही तुमचे वाटे तिला द्या. तो तुमचा प्रश्न.

वाटा विकायला वेळ लागेल, सोसायटीत वारसनोंद व्हायची आहे. तोवर कार्यालयाला अंधारात ठेवायचं नाही. स्थावर मालमत्ता विकण्याचा खरा प्रयत्न चालू असेल तर नऊ महिन्यांपर्यंत सशर्त लाभ मिळू शकतो. विक्री झाल्यावर तेवढे पैसे परत द्यायचे. मात्र बँकेतले पैसे आधी मार्गी लागलेले हवेत, रोकड जास्त असेल तर हा सशर्त लाभ मिळत नाही. मूल्यांकन, सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार, वकिलाची पत्रं, सगळ्याच्या प्रती इंग्रजी भाषांतरासह द्या.

या कामासाठी भावाला पुण्याला नेऊ नका. सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिलं की एसएसआय थांबतं, आणि परत आल्यावर सलग ३० दिवस इथे राहिल्याशिवाय सुरू होत नाही. रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या कामाला ‘पंधरा दिवस’ म्हणून गेलेली माणसं किती दिवसांनी परततात ते तुम्हाला सांगायला नको. त्याने इथेच कुलमुखत्यारपत्र करावं : नोटरी, मग राज्याचं अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारं प्रमाणपत्र), आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. शेवटची पायरी बरेच जण विसरतात आणि ऐन नोंदणीच्या दिवशी कागद अडतो. मुखत्यारपत्रात कोणता फ्लॅट, कोणाला, किमान किती किमतीला हे स्पष्ट लिहा. ‘सर्व अधिकार’ असं मोघम लिहून काकांच्या हाती देऊ नका.

विक्रीचे पैसे भावाच्या एनआरओ खात्यात (अनिवासी माणसाचं भारतातलं बँक खातं) येतील. कर कापला जाईल, सीएचं प्रमाणपत्र लागेल, मग ते इथे पाठवता येतील. वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा तुमच्या रकमेला आड येत नाही. आड येतो तो वेळ. पैसे पुण्याच्या बँकेत पडले असले तरी १ तारखेला ते भावाचेच मोजले जातात. म्हणून सीए आधी गाठा, कागद तयार ठेवा आणि दस्त महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करा. तरीही एक-दोन महिने एसएसआय थांबलं तर थांबू द्या. सलग बारा महिन्यांच्या आत पात्रता परत आली तर नव्याने अर्ज करावा लागत नाही. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्यावर रक्कम गेली की अमेरिकेच्या अर्थखात्याला त्याची वेगळी माहिती द्यावी लागते, भावाच्या नावानेसुद्धा.

हे तीस-बत्तीस हजार एबलमध्ये एकदम मावणार नाहीत. त्यासाठी विशेष गरजा ट्रस्ट, म्हणजे अपंग व्यक्तीसाठीचे पैसे विश्वस्ताने सांभाळायची व्यवस्था. पैसे भावाचे स्वतःचे आहेत, म्हणून ट्रस्टही त्या प्रकारचा लागतो : तो ६५ च्या आत असताना केलेला, फक्त त्याच्याच फायद्याचा, बदलता न येणारा, आणि त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्या पैशांतून मेडिकेडने केलेला खर्च आधी राज्याला परत देणारा. डिसेंबर २०१६ पासून असा ट्रस्ट अपंग व्यक्ती स्वतः करू शकते. त्याआधी आईवडील, आजीआजोबा, पालक किंवा कोर्ट लागायचं. पण एवढ्या रकमेसाठी स्वतंत्र ट्रस्टचा वकिली खर्च मला पटत नाही. ना-नफा संस्था चालवतात ते सामायिक ट्रस्ट पाहा. पैसे एकत्र गुंतवले जातात, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. सुरुवातीचं आणि वार्षिक शुल्क लेखी घ्या.

ट्रस्टने भावाच्या हातात रोख दिली तर डॉलरला डॉलर एसएसआय कापलं जातं. ट्रस्टने दुकानदाराला, थेरपिस्टला, फोन कंपनीला परस्पर पैसे दिले तर नाही. ३० सप्टेंबर २०२४ पासून किराणाही मोकळा झाला. त्याआधी ट्रस्टने भाजी घेतली तरी लाभ कमी व्हायचा. भाडं, वीज, गॅस, पाणी यांचं मात्र अजून मोजतात, तेही एका मर्यादेपर्यंत. २०२६ मध्ये महिन्याला ३५१ डॉलर ३३ सेंट. यातून वाट अशी : ट्रस्टने दरवर्षी एबलमध्ये पैसे भरायचे, आणि भाडं एबलमधून द्यायचं. ट्रस्टमधून एबलमध्ये गेलेले पैसे उत्पन्न धरले जात नाहीत.

आईला एक सांगा. तिच्या मनात आहे ते, म्हणजे मुलाचे पैसे दुसऱ्याने सांभाळावेत, हे तिच्या स्वतःच्या पैशांपुरतं अगदी नीट करता येतं. तिने आत्ताच मृत्युपत्र करून त्यात भावासाठी ट्रस्ट करावा. तो पैसा कधीच भावाचा झालेला नसतो, त्यामुळे अशा ट्रस्टमधून राज्याला परत काही द्यावं लागत नाही. उरलेलं तुमच्या मुलांकडे जाऊ शकतं. सगळं तुमच्या नावे लिहून ‘ती बघेल’ म्हणणं कायद्याला चालतं, पण उद्या तुमच्यावर कर्ज झालं, घटस्फोट झाला किंवा तुम्हीच आधी गेलात, तर ते पैसे भावाचे म्हणून कोणी वेगळे काढणार नाही.

आणि मृत्युपत्र केलं तरी बँक, विमा, निवृत्ती खातं यांवर लावलेली नावं मृत्युपत्राला जुमानत नाहीत. बाबांनी प्रेमाने लावलेलं नाव म्हणूनच भावाच्या अंगावर आलं. आईच्या प्रत्येक खात्यावर भावाच्या नावाच्या जागी ट्रस्टचं नाव घाला. बाबा नोकरीत असताना गेले, म्हणजे कंपनीचा समूह विमाही असू शकतो. त्यावर कोणाची नावं आहेत ते कंपनीच्या एचआरला याच आठवड्यात विचारा. भावाचं असेल तर वर केलेला २३,००० चा सगळा हिशेब बदलतो, आणि सामायिक ट्रस्टचे कागद फ्लॅटची वाट न पाहता आताच करावे लागतील.